आधी साठ किलो, मग दुसरे मूल?

पस्तीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७९ किलो आहे. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा ते ७४ किलो होते. त्या गर्भारपणात ३४व्या आठवड्यात रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि तातडीने सिझेरियन करावे लागले. बाळ सोळा दिवस पेटीत होते. आज ते एकोणीस महिन्यांचे असून ठणठणीत आहे. मात्र ‘वजनामुळे असे झाले’ हे त्या वेळी कानावर पडलेले वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. त्यांना दुसरे मूल हवे आहे, तर पतीचे म्हणणे असे की आधी वजन साठ किलोवर यावे आणि मगच विचार करावा. गेले पाच आठवडे त्या दिवसातून एकदाच जेवत आहेत आणि त्यांना चक्कर येते. थांबावे तर वय पुढे सरकते, न थांबावे तर पुन्हा तेच घडेल अशी धास्ती वाटते. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “माझी धाकटी बहीण पंचेचाळीस किलोची आहे. तिला ही काळजीच नाही.”

सप्रेम नमस्कार.

साठ किलोच्या आकड्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. “मीच माझ्या बाळाला वेळेआधी बाहेर ओढले,” असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही वर्णन केलेल्या घटना पाहता हे वाक्य खरे नाही, आणि ते मनात धरून पुढचा कोणताही निर्णय घेतला, तरी त्याला शिक्षेचे रूप येईल.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या जन्माला मुदतपूर्व जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे साधारणपणे दहातले एक. पण या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. काही वेळा कळा आपोआप वेळेआधी सुरू होतात. काही वेळा कळा नसताना पाणमोट फुटते. आणि साधारण तीनांतल्या एका प्रसंगी यांपैकी काहीच घडलेले नसते. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका दिसू लागल्यामुळे डॉक्टरच प्रसूती लवकर घडवून आणतात. तुमची प्रसूती या तिसऱ्या प्रकारातली होती. वाढलेला रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने या वर्णनावरून तुम्हाला प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब वाढवणारा आजार) झाला असावा, आणि तो मुळापासून थांबवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे बाळ आणि वार बाहेर काढणे. ज्याला तुम्ही बाहेर ओढणे म्हणता, तो तुम्हा दोघांवर केलेला उपचार होता.

‘वजनामुळे झाले’ या वाक्यात तथ्य अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. गर्भधारणेपूर्वीचे वजन जास्त असेल तर प्री-एक्लॅम्प्सिया, आधीपासूनचा रक्तदाब आणि गर्भारपणातला मधुमेह यांची शक्यता वाढते, आणि या आजारांमुळे लवकर प्रसूती करावी लागण्याची वेळही अधिक येते. अतिरिक्त चरबीमुळे शरीरात राहणारा सौम्य दाह हेही एक कारण मानले जाते. तो दाह गर्भाशयमुखावर आणि पाणमोटीच्या आवरणावर परिणाम करत असावा, असा तर्क आहे. पण प्री-एक्लॅम्प्सिया पहिल्याच गर्भारपणात अधिक आढळतो, हेही तितकेच खरे आहे, आणि तुमचे ते पहिलेच गर्भारपण होते. ती गोष्ट तुम्ही कशी बदलणार होतात? तुमच्याइतक्याच वजनाच्या बहुसंख्य स्त्रियांचे दिवस नीट भरतात. वजनाने धोका वाढतो हे मान्य करूनही एकट्या वजनाने तुमच्या बाळाला वेळेआधी आणले, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता धोका वाढतो म्हणजे नेमका किती, हे पाहू. स्वीडनमध्ये १९९२ ते २०१० या काळातल्या सुमारे सोळा लाख प्रसूतींचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांत जास्त काळजीच्या म्हणजे २२ ते २७ आठवड्यांतल्या जन्मांचे प्रमाण त्यात बीएमआयनुसार मोजले होते. (बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तुमचा आज सुमारे ३१.६ येतो आणि पहिल्या गर्भारपणाआधी तो २९.६ होता.) १८.५ ते २५ या गटात दर दहा हजार प्रसूतींमागे असे १७ जन्म होते, २५ ते ३० या गटात २१, ३० ते ३५ या गटात २७, त्यापुढच्या गटात ३५ आणि ४०च्या वर ५२. या आकड्यांतून दोन गोष्टी वाचता येतात आणि मला त्या दोन्ही महत्त्वाच्या वाटतात. वजनाच्या प्रत्येक पायरीवर धोका चढत जातो आणि सर्वांत वरच्या गटात तो तिपटीवर पोहोचतो. त्याच वेळी, तुमच्या आजच्या गटातल्या दहा हजारांपैकी ९,९७३ प्रसूती २२ ते २७ आठवड्यांत झाल्या नव्हत्या. हे एका देशातले आकडे आहेत आणि इतरत्र ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण घाबरवणारे वाक्य ऐकल्यावर ‘किती जणींमागे किती?’ असे विचारायची सवय त्यातून लागावी, म्हणून मी ते दिले. ‘धोका दीडपट’ या शब्दांनी छातीत धडकी भरते. ‘दहा हजारांत सतराऐवजी सत्तावीस’ असे म्हटले की विचार करायला जागा मिळते.

तुमच्या पतीच्या अटीमागे काळजी आहे हे पत्रातूनच दिसते. त्यांनीही ते सोळा दिवस पेटीच्या काचेबाहेर काढले आहेत. पण साठ किलो या आकड्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की त्या रेषेच्या अलीकडे धोका आहे आणि पलीकडे सुरक्षितता. साठ किलोवर तुमचा बीएमआय सुमारे २४ होईल आणि तो तक्त्यात ‘सामान्य’ रकान्यात बसेल, एवढेच. आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर धोक्याची दखल २३पासूनच घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवले आहे. त्या हिशेबाने साठही पुरेसे ठरणार नाही आणि रेषा आणखी पुढे सरकेल. रकाने माणसांनी आखले आहेत. शरीरात ६१ आणि ६० किलोंच्या मध्ये कोणतेही दार नसते. शिवाय वजन कमी केल्याने वेळेवर बाळ होईल अशी हमी संशोधनानेही दिलेली नाही. नेदरलँड्समध्ये वंध्यत्वाचे उपचार घेऊ इच्छिणाऱ्या, जास्त वजनाच्या सुमारे पावणेसहाशे स्त्रियांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. उपचारांआधी सहा महिने वजन घटवण्याचा कार्यक्रम केलेल्या गटात, दिवस भरून नैसर्गिक प्रसूतीने निरोगी बाळ होण्याचे प्रमाण थेट उपचार घेतलेल्या गटापेक्षा वाढले नाही. या स्त्रियांची परिस्थिती तुमच्यापेक्षा वेगळी होती आणि त्यांचे वजन सरासरी चार-साडेचार किलोच कमी झाले होते, त्यामुळे वजन घटवणे निरर्थक आहे असा अर्थ मी त्यातून काढत नाही. पण वजनाच्या अटीवर मातृत्व रोखून धरण्याला त्यातून आधार मिळत नाही, हे नक्की.

मग काय करावे? तुमच्या बाबतीत एक सोय आहे, जिच्याकडे पत्रात तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि अंतर फार कमी असले तर मुदतपूर्व प्रसूतीची शक्यताही वाढते. तुमचे बाळ एकोणीस महिन्यांचे आहे, म्हणजे वजनाचा प्रश्न नसता तरी पाच महिने थांबणे योग्यच ठरले असते. पस्तिशीत पाच महिन्यांनी मोठा फरक पडत नाही. अनिश्चित काळ थांबण्याने मात्र पडू शकतो, कारण वाढते वय हेही गर्भधारणेच्या आणि रक्तदाबाच्या दृष्टीने स्वतंत्र ओझे असते. एका बाजूचा धोका घटवताना दुसऱ्या बाजूचा वाढत असेल, तर दोन्ही एकाच कागदावर मांडून पाहिले पाहिजेत.

या पाच महिन्यांसाठी साठऐवजी दुसरा आकडा समोर ठेवा, असे मी सुचवेन. तो आहे ७४, म्हणजे तुमचे स्वतःचे जुने वजन. दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात वजन किती बदलले यालाही महत्त्व असते. दीड लाखाहून अधिक स्वीडिश स्त्रियांच्या पहिल्या आणि दुसऱ्या गर्भारपणांची तुलना करणाऱ्या, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मधल्या काळात बीएमआय एक-दोन अंकांनी वाढला, तरी दुसऱ्या वेळी रक्तदाब आणि मधुमेहाची शक्यता वाढते. तुमचा बीएमआय नेमका दोन अंकांनी वाढला आहे. ते पाच किलो उतरवायचे तर आठवड्याला पाव किलो पुरते. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते, आणि पाच किलो म्हणजे तुमच्या वजनाचे सहा टक्क्यांहून थोडे अधिक होतात. ७४ ऐवजी ७५ वरच गाडी थांबली, तर गर्भधारणा पुढे ढकलू नका. ही दिशा आहे, प्रवेश परीक्षा नव्हे.

दिवसातून एकदाच जेवणे मात्र कृपा करून आजच थांबवा. चक्कर येणे हा शरीराने दिलेला स्पष्ट नकार आहे. दिवस राहण्यापूर्वीचे आठवडे हे साठा भरून ठेवण्याचे असतात. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद होते, म्हणजे अनेकींना चाचणी करण्याचे सुचते त्याच्याही आधी. त्या वेळी फॉलिक अ‍ॅसिड शरीरात हजर असावे लागते. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना, शक्य तर तीन महिने आधीपासून घेतात. बीएमआय ३०च्या वर असेल तर काही देशांत याहून मोठी मात्रा दिली जाते, म्हणून तुमची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उपाशी राहून उतरवलेले वजन बहुधा परत येते आणि येईपर्यंत लोह, प्रथिने आणि स्नायू घेऊन गेलेले असते. तीन वेळा साधे, पोटभर पण मोजके जेवण, प्रत्येक जेवणात प्रथिने, गोड पेयांना सुट्टी आणि आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालणे यात नवे काहीच नाही, याची मला जाणीव आहे. पण पाच महिने टिकू शकेल असे यापलीकडे फारसे काही नसते. ज्या वाचक वजन घटवण्याची इंजेक्शने घेत असतील, त्यांनी दिवस राहू देण्यापूर्वी ती केव्हा बंद करायची हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे (सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचे असते), आणि ज्यांच्या पोटाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. गर्भारपण सुरू झाल्यावर वजन उतरवण्याचा प्रयत्न कोणीच करू नये.

तरीही माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट वजनकाट्यावर नाही, तुमच्या जुन्या डिस्चार्ज कार्डात आहे. ते शोधून काढा, केसपेपरची प्रत मिळत असेल तर तीही घ्या, आणि दिवस राहण्यापूर्वीच स्त्रीरोगतज्ज्ञांची स्वतंत्र वेळ घ्या. मागच्या वेळी नेमके निदान काय होते, रक्तदाब किती होता, बाळाची वाढ वयाच्या मानाने बरोबर होती का, हे त्यांना कागदावर दिसू द्या. प्री-एक्लॅम्प्सिया एकदा झाला की पुढच्या वेळी त्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेक जणींना तो पुन्हा होत नाही. आणि तो टाळण्यासाठी एक उपाय हाताशी आहे, ज्याला एक किलोही उतरवावे लागत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करायला लावणारा प्री-एक्लॅम्प्सिया औषध नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के होता, तो ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के इतका खाली आला. या आजाराचे मूळ वार रुजतानाच धरले जाते, म्हणून ही गोळी १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. सहाव्या महिन्यात पाय सुजल्यावर ती आठवून उपयोग नसतो. ती स्वतःच्या मनाने घेऊ नका, पण मला ती लागेल का आणि कधीपासून, हा प्रश्न तुमच्या यादीत पहिला असू द्या. त्याच भेटीत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती गर्भारपणात चालणारी आहे का, हे विचारा, कारण त्यांतल्या काही आधीच बदलाव्या लागतात. आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर त्याच्या गोळ्यांनीही या आजाराचा धोका कमी होतो.

ज्यांची प्रसूती आपोआप कळा येऊन किंवा पाणमोट फुटून लवकर झाली होती, त्यांची वाट यापेक्षा वेगळी असते. त्यांच्या बाबतीत सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजणे, ती कमी आढळल्यास प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देणे किंवा गर्भाशयमुखाला टाका घालणे, असे उपाय विचारात घेतले जातात. मागची प्रसूती लवकर का झाली हे आधी जाणून घ्या, असे मी पुन्हा पुन्हा म्हणते ते याचसाठी. कारण माहीत नसताना सगळा भार वजनावर टाकला, तर वजन उतरते आणि कारण जागच्या जागी राहते.

आता तुमच्या बहिणीविषयी. तिची उंची १६० सेंटिमीटर असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ४५ किलो वजनावर तिचा बीएमआय सुमारे १७.६ येतो. १८.५च्या खाली असणे हा कमी वजनाचा गट आहे, आणि त्या गटातही मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ही वाढ तीस टक्क्यांच्या आसपास होती, आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका त्याहून अधिक होता. सडपातळ बांध्याचे कौतुक होते, त्यामुळे अशा मुलींना कोणी सावध करत नाही, याचे मला फार वाईट वाटते. २००३मध्ये मेंढ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फळण्याच्या आसपासच्या काळात ज्या मेंढ्यांना बेताचेच खायला दिले होते, त्यांच्यातल्या अनेक जणी नंतर भरपूर खाऊनही मुदतीआधी व्यायल्या. माणसांना हे सरसकट लावता येणार नाही, पण गर्भारपणाचा पाया दिवस राहण्याच्या आधी घातला जातो, हे त्यातून दिसते. एकाच घरात एक बहीण जेवण टाळते आहे आणि दुसरीला जेवण वाढवण्याची गरज आहे, हे कोणाच्या लक्षातच आलेले नाही. तिला सामान्य गटात यायला अडीच किलो पुरतील. पण खाण्याचा आग्रह करण्यापूर्वी वजन कमी का आहे ते पाहायला हवे. थायरॉइड, रक्तक्षय, आतड्यांचा जुना आजार किंवा अन्नाविषयी मनात बसलेली भीती, यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकाचा उपचार निराळा असतो.

गर्भारपणात किती वजन वाढावे, यासाठी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९मध्ये ठरवलेल्या मर्यादा बऱ्याच ठिकाणी आधाराला घेतात. तुमच्या बहिणीसारख्या कमी वजनाच्या स्त्रीसाठी १२.५ ते १८ किलो, सामान्य गटासाठी ११.५ ते १६, २५ ते ३० बीएमआयसाठी ७ ते ११.५ आणि ३०च्या वर ५ ते ९ किलो. तुम्ही ७४ किलोवर आलात तर तिसऱ्या गटात असाल, नाहीतर चौथ्या; डॉक्टरांशी बोलताना तुमच्यासाठी नेमकी मर्यादा कोणती ते ठरवून घ्या.

दुसऱ्या वेळी घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारी येणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज येणे, यांपैकी काही झाले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, पाणी जाणे किंवा रक्त दिसणे, यांसाठीही हेच. आणि इतकी काळजी घेऊनही प्रसूती लवकर झालीच, तर त्या वेळी द्यायचे उपचार आज उपलब्ध आहेत. प्रसूती लवकर होण्याची चिन्हे दिसताच आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांमुळे बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, फार लवकरच्या जन्मात मॅग्नेशियम सल्फेटमुळे मेंदूचे रक्षण होते, आणि जन्मानंतर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्यानेही जीव वाचतात. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा ठिकाणी नाव घालणे, हा तुमच्या हातातला आणखी एक निर्णय आहे.

तुमच्या पतीला हे उत्तर वाचायला द्या आणि डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्या. ‘साठ किलो झाल्यावर’ याऐवजी ‘पाच महिन्यांनी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात असताना, ॲस्पिरिनचा निर्णय आधीच झालेला असताना’ अशी अट तुम्ही दोघे मिळून घालू शकता. ती पाळणे दोघांच्याही हातात आहे, कारण चालायला तेही येऊ शकतात आणि तुम्ही चालायला गेलात तर मुलाला ते सांभाळू शकतात. बहिणीसाठी त्याच दवाखान्यात वेगळी वेळ घ्या, आणि तिला काय सांगायचे ते डॉक्टरांनाच सांगू द्या.